पळसपापडीतला रेणू, माणसातले लक्ष्य आणि शेळीच्या पोटातला जंत

उदगीरहून पशुवैद्यक शाखेच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पळसाच्या बियांतील, म्हणजे आपल्या पळसपापडीतील, पॅलासोनिन या रेणूची रचना तिने लक्ष्यांचे, म्हणजे रेणू शरीरातील कोणत्या प्रथिनांवर काम करील याचे, भाकीत करणाऱ्या एका संगणकीय साधनात भरली. साधनाने कँथारिडिन या रेणूशी जवळचे साम्य दाखवले आणि माणसातील ‘प्रोटीन फॉस्फेटेज २ए’ हे एन्झाइम संभाव्य लक्ष्य म्हणून पहिल्या क्रमांकावर दिले. शेळ्यामेंढ्यांचे रक्त पिणाऱ्या हिमोंकस कॉन्टॉर्टस या जंताच्या जीनोममध्ये त्या एन्झाइमशी जुळणारे प्रथिनही तिला सापडले. तेव्हा पॅलासोनिन जंताला याच प्रथिनामार्फत मारते, असे प्रबंधात लिहिता येईल का, आणि त्यातून उस्मानाबादी शेळ्यांसाठी नवे जंतनाशक निघू शकेल का, असे तिने विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर ‘अजून नाही’ असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर अधिक कठीण आहे, कारण तुमचे भाकीत खरे ठरण्याची शक्यता चांगली आहे आणि ते खरे ठरले, तर औषधाची वाट सोपी होण्याऐवजी अवघडच होते. हे कसे, ते सांगण्यासाठी साम्याच्या गणितापासून सुरुवात करतो.

साधन तुमच्या रेणूचा एक ठसा तयार करते. प्रचलित पद्धतीत रेणूतील प्रत्येक अणू घेऊन त्याच्या भोवती दोन बंधांपर्यंत काय काय आहे ते पाहिले जाते, आणि अशा प्रत्येक तुकड्याची नोंद १०२४ किंवा २०४८ घरांच्या पट्टीत एकेका घरात केली जाते. मग दोन ठसे शेजारी ठेवून टॅनिमोटो गुणांक काढतात. एका रेणूची ४० घरे भरली असतील, दुसऱ्याची ५०, आणि त्यांतील ३० घरे दोघांत समान असतील, तर ३० भागिले ६०, म्हणजे ०.५ हा गुणांक येतो. यापलीकडे त्या संख्येत काहीही नाही. रेणू कोणत्या प्रथिनाला चिकटतो, जंताच्या त्वचेतून आत जातो का, शेळीच्या यकृतात त्याचे काय होते, यांपैकी एकही गोष्ट त्या संख्येला ठाऊक नसते. ‘सारख्या रेणूंचे गुणधर्म सारखे असतात’ हे गृहीतक आपण तिच्यावर बाहेरून लादतो, आणि सगळी भिस्त त्या गृहीतकावर असते.

हे गृहीतक किती टिकते, हे समजायला प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात औषधे ठेवण्याच्या कोनाड्यात पाहावे. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेसाठी किंवा द्राक्ष-डाळिंबावरील बुरशीसाठी आणलेले कार्बेन्डाझिम तिथे असते, आणि शेळ्यांना पाजायचे फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोलही असते. दोन्हींचा गाभा बेंझिमिडाझोल कार्बामेट हाच आहे, आणि दोन्ही बीटा-ट्युब्युलिन या एकाच जातीच्या प्रथिनावर काम करतात, एक बुरशीच्या आणि दुसरे जंताच्या. इतकेच काय, दोघांविरुद्धची प्रतिकारशक्तीही त्या प्रथिनातील १९८ आणि २०० या त्याच जागांवरील बदलांमुळे येते. तुरीवरील घाटे अळीसाठी फवारले जाणारे एमामेक्टिन बेंझोएट आणि जनावरांना टोचले जाणारे आयव्हरमेक्टिन यांचेही तसेच आहे. एकाच मोठ्या वलयाच्या कुळातील हे दोन रेणू अळीत आणि जंतात ग्लुटामेटवर चालणाऱ्या क्लोराईड वाहिन्या उघडून त्यांना लुळे करतात. इथपर्यंत गृहीतक उत्तम चालते.

त्याच घरात पित्तासाठी घेतली जाणारी ओमेप्रॅझोलची गोळी असते. तिच्या गाभ्यातही बेंझिमिडाझोलच आहे, पण ती ट्युब्युलिनकडे जात नाही, ती जठरातील आम्ल सोडणारा प्रोटॉन पंप बंद करते. उलट, कापसावरील मावा-तुडतुड्यांसाठीचे इमिडाक्लोप्रिड आणि शेळ्यांना देतात ते लेव्हामिसोल यांच्या ठशांत फारसे साम्य नाही, तरीही दोघे निकोटिनिक ॲसिटिलकोलीन ग्राहींच्याच, म्हणजे मज्जातंतूंचे संदेश झेलणाऱ्या प्रथिनांच्या, कुळावर काम करतात. म्हणजे साम्य असून लक्ष्य वेगळे आणि साम्य नसून लक्ष्याचे कुळ एक, अशी दोन्ही प्रकारची चूक हे साधन करू शकते. ‘डेलाइट’ प्रकारच्या ठशांवर २००२ साली झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले होते की सक्रिय रेणूशी ०.८५ किंवा त्याहून अधिक साम्य असलेला रेणूही सुमारे ३० टक्के वेळाच स्वतः सक्रिय असतो. विनाआधार निवडीच्या तुलनेत ३० टक्के हे फार मोठे यश आहे, पण प्रबंधात ‘सिद्ध झाले’ असे लिहिण्याइतके ते नाही.

आता तुमच्या रेणूकडे वळू. कँथारिडिन हा ब्लिस्टर बीटल या, अंगावर फोड उठवणाऱ्या भुंगेऱ्यांतला रेणू. त्याच्या सांगाड्यावर दोन मिथाइल गट असतात. त्यातला एक काढला की पॅलासोनिन होते, दोन्ही काढले की नॉरकँथारिडिन. नॉरकँथारिडिन पाण्यात उघडले की जे आम्ल मिळते ते एंडोथॉल हे तणनाशक. भुंगेरा, पळस आणि तणनाशक यांच्यात अशी भावकी निघावी, याचे मला आजही नवल वाटते. इतक्या लहान रेणूंच्या बाबतीत मात्र गुणांक जपून वाचावा लागतो. ठशात मुळात थोडीच घरे भरलेली असल्यामुळे एक मिथाइल गट कमी झाला तरी गुणांक बराच खाली येतो, आणि आयव्हरमेक्टिनसारख्या प्रचंड रेणूत तेवढाच बदल केला तर तो जवळजवळ हलतही नाही. त्यामुळे ०.७ किंवा ०.८ अशी एकच सीमारेषा सर्व रेणूंना लावू नये. साधन गुणांकाबरोबर सांख्यिकीय महत्त्वही देत असेल, तर आधी ते पाहावे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिमिलॅरिटी एन्सेम्बल ॲप्रोच’ या पद्धतीत एका रेणूची दुसऱ्या एका रेणूशी नव्हे, तर लक्ष्याला चिकटणाऱ्या रेणूंच्या संपूर्ण समूहाशी तुलना होते, आणि एवढे साम्य निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, हे विचारले जाते. मला ती पद्धत म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते.

साधनात भरलेली रचना आणि प्रत्यक्ष काम करणारी रचना एकच आहे का, हाही प्रश्न तुम्हाला विचारायला हवा. पॅलासोनिन हे ॲनहायड्राइड आहे, म्हणजे दोन आम्लगटांतून पाणी निघून जोडले गेलेले वलय त्यात आहे. कँथारिडिन कुळातील ॲनहायड्राइडचे वलय पाण्यात उघडते, त्याचे द्विआम्ल होते, आणि फॉस्फेटेजच्या खोबणीतील दोन धातू-आयनांना हे आम्लच धरते. तुम्ही ठसा कोणाचा काढलात? जंतनाशकांत हा घोटाळा नेहमीचा आहे. कुत्र्यांच्या गोळ्यांत असणाऱ्या फेबँटेलमध्ये बेंझिमिडाझोलचे वलयच नसते, ते शरीरात गेल्यावर फेनबेंडाझोलमध्ये बदलते. मूळ फेबँटेलचा ठसा घेऊन बसलेला संशोधक ट्युब्युलिनपर्यंत कदाचित पोहोचणारच नाही. लेव्हामिसोलची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्याची आरशातील प्रतिमा जंतावर जवळपास निष्प्रभ असते, पण ठसा काढताना त्रिमितीय मांडणी गृहीत धरली नसेल तर दोघांचे ठसे तंतोतंत एक येतात आणि गुणांक पूर्ण १ येतो. प्राझिक्वांटेल या कृमिनाशकातही एकच प्रतिमा कृमींवर चालते. पॅलासोनिनमध्ये एकच मिथाइल असल्यामुळे त्यालाही दोन प्रतिमा आहेत (कँथारिडिनला त्या नाहीत), तेव्हा रचना भरताना ही मांडणी दिली होती का, ते तपासा.

तरुणपणी मी स्वतः एका रेणूच्या मागे जवळजवळ दोन वर्षे घालवली. साधनाने कायनेज जातीच्या एका एन्झाइमचे नाव दिले होते आणि परीक्षानळीत ते एन्झाइम बंदही होत होते. पुढे लक्षात आले की तो रेणू पाण्यात गोळा होऊन बारीक कण बनवत होता आणि त्या कणांना समोर येईल ते प्रथिन चिकटत होते. साबणासारखा पदार्थ थोडासा घातला असता तर पहिल्याच आठवड्यात हे कळले असते. ती चूक माझीच होती, आणि ही चाचणी मी तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडून सर्वांत आधी करून घेतो. तुम्हीही करा.

साधनाने माणसाचेच प्रथिन का दाखवले, यात गूढ काही नाही. या साधनांमागे असलेल्या केम्ब्ल सारख्या माहितीसंग्रहात वीस लाखांहून अधिक रेणू आहेत, पण त्यांचे मोजमाप मुख्यतः माणसाच्या आणि प्रयोगशाळेतील उंदरांच्या प्रथिनांवर झालेले आहे. जंतांच्या प्रथिनांवरील मोजमाप त्या मानाने मूठभर आहे. म्हणून जंताच्या बाबतीत भाकिताला दोन उड्या माराव्या लागतात. पहिली उडी रेणूपासून माणसाच्या प्रथिनापर्यंत, दुसरी माणसाच्या प्रथिनापासून जंताच्या समवंशी प्रथिनापर्यंत. तुम्ही दुसरी उडी ब्लास्टच्या, म्हणजे दोन प्रथिनांच्या साखळ्या जुळवून पाहणाऱ्या साधनाच्या, भरवशावर मारली आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे.

संपूर्ण साखळीचे साम्य किती टक्के आहे, यावरून रेणू बसेल की नाही हे ठरत नाही. बीटा-ट्युब्युलिनमध्ये साधारण साडेचारशे अमिनो आम्ले असतात. त्यांतील २०० क्रमांकाच्या जागी फिनाइलॲलॅनिनऐवजी टायरोसिन आले, की हिमोंकस बेंझिमिडाझोलला दाद देत नाही. ब्लास्टच्या दृष्टीने ही दोन प्रथिने ९९ टक्क्यांहून अधिक सारखीच असतात. सस्तन प्राण्यांच्या ट्युब्युलिनमध्ये त्या जागी मुळातच टायरोसिन असते, आणि या औषधांना शेळी सोडून जंत ओळखता येतो यात त्या एका जागेचा वाटा आहे. तेव्हा रेणू जिथे बसतो त्या खोबणीतील अमिनो आम्ले एकेक करून जुळवा. फॉस्फेटेज आणि कँथारिडिन कुळातील रेणूंच्या एकत्रित स्फटिकरचना उपलब्ध आहेत, त्यांच्यावरून खोबणीतील जागा ठरवता येतील. हिमोंकसचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला असून तो वर्मबेस पॅरासाइट या कृमींच्या जीनोमच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्या प्रथिनाचे जनुक अंड्यात, अळीत आणि प्रौढ जंतात किती चालते, याचीही माहिती तिथे आहे. जंताच्या ज्या अवस्थेवर तुम्ही चाचणी घेतलीत त्या अवस्थेत ते प्रथिन नसेलच, तर पुढची चर्चा व्यर्थ आहे.

या कुळाची खोबण तुम्ही जुळवाल तेव्हा ती बहुधा हुबेहूब जुळेल, आणि सुरुवातीला ज्या अडचणीचा उल्लेख केला ती इथे उभी राहते. फॉस्फेटेज २ए हे प्रथिन यीस्टपासून माणसापर्यंत फारच थोडे बदलले आहे. सी. एलेगन्स या मुक्त राहणाऱ्या सूत्रकृमीत त्याचे जनुक लेट-९२ या नावाने ओळखले जाते आणि ते बंद केले की भ्रूण मरतात. म्हणजे लक्ष्य जंतासाठी अत्यावश्यक आहे, परंतु ते शेळीसाठीही तितकेच अत्यावश्यक आहे. कँथारिडिनयुक्त भुंगेरे वाळल्या चाऱ्यात आल्याने घोडे दगावतात, ते याच कारणाने. तुमचे भाकीत जितके पक्के, तितकी विषारीपणाची शंका पक्की. याउलट आयव्हरमेक्टिनच्या क्लोराईड वाहिन्या सस्तन प्राण्यांत नसतातच, आणि मोनेपँटेल हे जंतनाशक ज्या एसीआर-२३ ग्राहीवर काम करते तोही केवळ सूत्रकृमींच्या गटातला आहे. अशी लक्ष्ये माणसाच्या प्रथिनांवर पोसलेले साधन कधीही दाखवणार नाही. मोनेपँटेलचे लक्ष्य औषधाला दाद न देणारे सी. एलेगन्सचे उत्परिवर्तित प्रकार तयार करून शोधले गेले आणि २००८ मध्ये ते जाहीर झाले. प्राझिक्वांटेल तर १९७० च्या दशकापासून वापरात होते, पण त्याचे लक्ष्य, टीआरपीएम जातीची एक आयन-वाहिनी, २०१९ मध्ये पुढे आले. चार दशकांत ठशांची कितीतरी साधने निघाली, पण उत्तर प्रत्यक्ष वाहिनीवर मोजमाप केल्यावरच मिळाले.

कँथारिडिनचे लक्ष्यही ठशाने सापडलेले नाही. त्याला धरून ठेवणारे प्रथिन म्हणजे फॉस्फेटेज २ए आहे, हे ली आणि कॅसिडा यांनी १९९२ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेला रेणू वापरून, उंदराच्या यकृतातून प्रथिन वेगळे करून दाखवले. तुमच्या साधनाने एका सेकंदात दिलेले उत्तर त्या परिश्रमांवर उभे आहे.

एक बारीक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण तुमच्या पत्रात नांदेड-लातूरकडील हत्तीपायाच्या कृमींचाही उल्लेख आहे. त्या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि डॉक्सिसायक्लिन त्या जिवाणूंना मारून कृमीला वांझ करते. इथे लक्ष्य कृमीच्या जीनोममध्ये शोधून सापडणार नाही. हिमोंकसमध्ये वोल्बाकिया नाही, म्हणून तुमच्या कामात ही अडचण येणार नाही, पण एका कृमीवरचे भाकीत उचलून दुसऱ्यावर ठेवताना ती आठवावी.

मग हे काम सोडून द्यावे का? मुळीच नाही. नॉरकँथारिडिनपासून बनवलेल्या काही रेणूंनी हिमोंकसच्या अळ्यांवर परिणाम केल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे, तेव्हा तुमची दिशा वाऱ्यावरची नाही. शिवाय फॉस्फेटेज १ या जवळच्या भावंडाचे काही प्रकार सूत्रकृमींत केवळ शुक्रपेशींपुरते असतात. सी. एलेगन्समध्ये जीएसपी-३ आणि जीएसपी-४ हे तसे प्रकार आहेत. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, आणि पावसाळ्यात कुरणात पसरणारा सगळा संसर्ग त्या अंड्यांतून येतो. जंत लगेच न मारता त्याचे प्रजनन थांबवणारा रेणू मिळाला, तरी आपल्या मेंढपाळांच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट असेल. खोबण सारखी असली तरी तिच्या कडेचे भाग कुठे वेगळे आहेत, हे शोधण्यात मला तुमच्या प्रबंधाचे खरे मोल दिसते.

प्रयोगांचा क्रम मी असा ठेवीन. कत्तलखान्यातून शेळीचे चौथे जठर आणून जंत व अंडी मिळवणे तुम्हाला शक्य आहे, तेव्हा अंडी उबण्याची आणि अळ्यांच्या वाढीची चाचणी आधी शुद्ध पॅलासोनिनवर घ्या, बियांच्या अर्कावर नव्हे. अर्कात इतर पन्नास पदार्थ असतात आणि त्याचा परिणाम एका रेणूच्या नावावर मांडता येत नाही. त्याच चाचणीत कँथारिडिन, नॉरकँथारिडिन आणि पॅलासोनिनचे उघडलेले आम्ल शेजारी शेजारी ठेवा. आम्ल निष्प्रभ ठरले तर निराश होऊ नका, विद्युतभारामुळे ते जंताच्या त्वचेतून आत शिरत नसेल, आणि ॲनहायड्राइड आत जाऊन मग उघडत असेल. त्यानंतर सर्वांत महत्त्वाची चाचणी. समुद्री स्पंजांतून मिळालेले ओकाडाइक ॲसिड हे फॉस्फेटेज २ए अडवते, परंतु त्याच्या रचनेचे पॅलासोनिनशी काही नाते नाही. या दोन परक्या रेणूंनी जंतात तेच लक्षण निर्माण केले, तर कारण लक्ष्यात आहे असे म्हणायला आधार मिळतो. ते झाले नाही, तर साम्य केवळ कागदावरचे होते असा संशय घ्यावा. जंत वाटून काढलेल्या अर्कात फॉस्फेटेजची क्रिया मोजणे फारसे खर्चिक नाही, तेही करा. हिमोंकसमध्ये आरएनए हस्तक्षेपाने जनुक बंद करण्याचा मार्ग भरवशाचा नाही, तेव्हा जनुकांचे काम सी. एलेगन्सवर करावे आणि ते तसे केले हे स्पष्ट लिहावे.

एक विनंती आहे. घरच्या किंवा गावातल्या शेळ्यांना पळसपापडी पाजून निकाल पाहू नका. जुन्या लोकांनी ती जंतांवर वापरली हे खरे आहे, परंतु ज्या रेणूच्या सख्ख्या भावंडाने आतड्याला फोड येतात, त्याची मात्रा अंदाजाने ठरवता येत नाही. जबड्याखाली पाणी साठलेली, डोळ्याची आतली कड पांढरी पडलेली शेळी आधीच रक्त गमावून बसलेली असते. तिला आज माहीत असलेले औषधच, वजन पाहून, पूर्ण मात्रेत द्यायला हवे.

प्रबंधातील वाक्य सध्या असे लिहा: ‘रचनासाम्याच्या आधारे पॅलासोनिनचे संभाव्य लक्ष्य फॉस्फेटेज २ए कुळातील एन्झाइम असावे असे गृहीतक मांडले आहे, हिमोंकसमध्ये या कुळातील समवंशी प्रथिन आढळते, आणि या प्रथिनाशी प्रत्यक्ष बंधन अद्याप तपासलेले नाही.’ त्याखाली कोणत्या ठशाने, किती घरांच्या पट्टीवर, माहितीसंग्रहाच्या कोणत्या आवृत्तीवर आणि रेणूच्या कोणत्या रूपासाठी गुणांक काढला, ते नोंदवा. ओकाडाइक ॲसिडचा निकाल हाती आला की शेवटचा भाग बदला.